बिलाच्या घरातलं दुसरं पाऊल

आमच्या फेरो बेटांवर दार वाजवायची पद्धत नाही. सरळ आत शिरायचं, बूट काढायचे, की कॉफी पुढ्यात. शेजारची बिला ठार आंधळी, पण पावलावरून माणूस ओळखायची. मी पायरी चढले की आतूनच, "आली भांडकुदळ!" चाळीस वर्षं ऐकतेय मेलीचं.

तिची एकुलती लेक आर्मगार, गावाच्या वरच्या अंगाला राहते. मेंढ्या हाकताना घोटा मुरगळला आणि अधू झाला. डॉक्टरांनी लिगामेंट शिवलं, ते चार वर्षांत पुन्हा सैल पडलं. चालणं कसं, तर एक ठप्प, एक सर्र. एकदा आईला उचलताना पायानं दगा दिला नि दोघी आडव्या. त्या दिवशी पोरगी ढसाढसा रडली. "पुन्हा पडलो तर आईला वृद्धाश्रमात नेतील गं!" म्हणून परत शस्त्रक्रिया. या खेपेला गुडघ्याजवळची स्नायूची दोरी काढून घोट्याच्या हाडात ओवली. प्लास्टर, व्यायाम, तीन महिने राजधानीत मावशीकडे. तोवर बिलाचं मीच बघायचे.

पहिल्याच आठवड्यात बिला म्हणाली, "आर्मगार सकाळी येऊन गेली." म्हटलं, म्हातारीला भास होतोय. पण ओट्यावर आर्मगारचा कप असायचा, तळाशी साखर अजून ओली. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

आर्मगार परतली तेव्हा मी सोबत होते. दोन्ही पावलं कशी सारखी पडत होती! मला इतका आनंद झाला, की बिलाची हाक कधी येते असं झालं.

"कोण गं?" बिलानं विचारलं.

"आई, मी."

"आवाज बरा काढतेस तिचा. पाऊल तिचं नाही. जा बाई, माझी लेक वर माडीवर आहे."

आर्मगारचा चेहरा पांढराफटक पडला. थोडा वेळ ती आपल्या पायाकडे बघत राहिली. मग तो बरा झालेला पाय मुद्दाम फरपटत आत गेली. ठप्प, सर्र.

बिला खुदकन हसली. हसता हसता थांबली आणि तिनं जिन्याकडे कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. आर्मगारला आलं असावं, कारण तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"अगं बाई," बिला म्हणाली, "आज दोघी एकदम?"

तिनं फळीवरून दोन कप काढले. पहिला जिन्याच्या बाजूला ठेवला.