आमच्या ऑफिसातले ट्रबलमेकर

इकडे दक्षिणेत, पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात फायली कमी आणि किस्सेच जास्त साचतात. त्यातले निम्मे एकाच शब्दाचे. ट्रबलमेकर! डिक्शनरीत अर्थ काहीही असो, आमच्या कार्तिकेयन सरांच्या लेखी अर्थ एकच. ज्यानं प्रश्न विचारला, तो!

*

सोमवारच्या मीटिंगच्या शेवटी सर म्हणतात, "एनी क्वेश्चन्स?" ही फक्त उठायची खूण, हे आम्हाला पाठ. नागपूरहून नवीन आलेल्या मुग्धाला कुठून माहीत असणार? तिनं चक्क हात वर केला!

"सर, जिन्यात खोकी रचलीत. आग लागली तर पळायचं कुठून?"

सर खोकी बघायला गेलेच नाहीत. तिच्याकडेच बघत म्हणाले, "यू आर अ ट्रबलमेकर."

*

राव आमच्यातले सीनियर, तंजावरकडचे मराठी. कँटीनच्या कॉफीत साखर नाही एवढंच बोलले, तर त्यांनाही तोच किताब! "अय्यो, साखरही गेली आणि नावही गेलं!" तेव्हापासून ते घरून फ्लास्क आणतात. त्यातली अर्धी कॉफी सरच पितात.

*

मुग्धाचं प्रोबेशन संपत आलं. कन्फर्म झाली नाही तर बॅग भरून परत नागपूर, आणि तिथे घरचे स्थळं घेऊन तयारच बसलेले. "आता तरी तोंडाला कुलूप लाव गं बाई," मी हात जोडले.

पुढच्याच सोमवारी एसीचं पाणी थेट सरांच्या खुर्चीवर टपकत होतं. मुग्धा गप्प. आम्हीही गप्प. सर आले, बसले, भिजले!

"कुणी सांगितलं का नाही?"

राव शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही अजून एनी क्वेश्चन्स म्हणाला नव्हता."

*

शुक्रवारी सरांनी मुग्धाला केबिनमध्ये बोलावलं. गेली पोरगी! मला तर रडूच यायला लागलं. ती बाहेर आली ती चक्रावूनच.

सरांच्या अपार्टमेंटमध्ये पाण्याचा टँकर आला की सेक्रेटरी आधी स्वतःच्या ब्लॉकची टाकी भरून घेतो. आणि त्याच्यापुढे तोंड उघडायची आमच्या सरांची टाप नाही! "रविवारी असोसिएशनची मीटिंग आहे. माझी भाची म्हणून ये," सर म्हणाले होते.

मुग्धा गेली. तिच्या पहिल्याच प्रश्नाला सेक्रेटरीला घाम फुटला. दुसऱ्याला तो टेबलावर हात आपटून ओरडला, "ही ट्रबलमेकर कुणी आणली इथे?"

इतका वेळ मान खाली घालून बसलेले आमचे सर ताडकन उठले.

"आमच्या ऑफिसातली आहे! आणि आजपासून परमनंट!"