टकटकमामा भिंतीकडे वळतात

गल्लीत त्यांना सगळे टकटकमामा म्हणत. लाकूड दिसलं की बोटाने वाजवून बघायचं, ही त्यांची खोड. दात दाखवायला गेले तरी आधी डॉक्टरांचं टेबल वाजवणार, मग तोंड उघडणार.

मामा गिटारी बनवत. त्यांच्या दुकानाचा नियम कडक होता: गिटार डोळे मिटून निवडायची. मांडीवर नीट बसते का, मुठीत मान मावते का, आवाज भावतो का, एवढंच बघायचं. त्या वेळी मामा स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहत, कारण त्यांच्या पोटातलं सगळं चेहऱ्यावर येई. एकेक गिटार हातात द्यायचं काम मामींचं.

त्या दिवशी गिऱ्हाईक होती त्यांचीच लेक. तिचा पहिला कार्यक्रम तोंडावर आला होता. मामांनी तिच्यासाठी जीव ओतून गिटार केली होती: पाठ शिसवीची, पुढची फळी देवदाराची, वर शिंपल्याची नक्षी. तिने हीच उचलावी म्हणून त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

दोन गिटारी झाल्या. तिसरी वाजताच मामांनी ती ओळखली.

"गोड आहे," लेक म्हणाली, "पण दबकत बोलते. पुढची दे, आई."

मामांचा चेहरा पडला. तो फक्त भिंतीने पाहिला.

पुढची वाजली आणि खोली भरून गेली. मामा चक्रावले. दुकानातली प्रत्येक गिटार त्यांच्या हातची, आणि हा आवाज अनोळखी!

"हीच!" लेक ओरडली.

मामा गर्रकन वळले. साधीसुधी गिटार, पाठ दोन रंगांच्या तुकड्यांची. "ही कुणी केली?"

"मी," मामी म्हणाल्या. "तुमच्या उरलेल्या फळ्यांची. दुपारी तुम्ही घोरत असता ना, तेव्हा. इतकी वर्षं मी नुसता सरस ढवळत होते, असं वाटलं का तुम्हाला?"

मामांनी मामींच्या गिटारीवर टकटक केलं, मग आपल्या गिटारीवर. चूक लगेच कळली. लेकीच्या हातून फुटू नये म्हणून त्यांनी आतल्या पट्ट्या जाड ठेवल्या होत्या. मायेपोटी गिटारीचा गळाच दाबला होता! मामा पोट धरून हसले. हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण बायकोचं कौतुक त्यांच्या मनात मावत नव्हतं.

"बाबा, तुमचीही छान आहे हो," लेक समजूत घालू लागली.

"गप गं, नियम म्हणजे नियम." त्यांनी आपली गिटार आणि छोटा रंधा मामींपुढे ठेवला. "आतल्या पट्ट्या तूच तास. माझा हात धजणार नाही."

मामींनी पदर खोचला. "तासते. आधी भिंतीकडे तोंड करा."

मामा मुकाट्याने वळले.