विनिताने गाळलेली ओळ

नौपाड्यात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर विनिता एकोणीस वर्षं नोकरी करत होती, आणि ती तिथे नेमकं काय करते हे तिच्या डोंबिवलीच्या सोसायटीत कोणालाच ठाऊक नव्हतं. ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढ्यावर लोकांचं भागायचं. अबोल, हुशार, वेळेवर डबा खाणारी बाई. असल्या माणसाबद्दल एरवी कोणी चार ओळीसुद्धा लिहीत नाही.

तिची कंपनी कापड रंगवणाऱ्या कारखान्यांतल्या टाक्या चालवून द्यायची. त्यासाठी जुन्या मालकांनी फार पूर्वी स्वतःचीच एक छोटी भाषा बनवली होती. झडप बंद कर, टाकी भर, इतकं तापव, इतका वेळ थांब. ऑपरेटर या भाषेत आपापल्या टाकीचा प्रोग्राम स्वतः लिहायचे. आता नवी यंत्रं आली आणि त्यांना ही भाषा कळेना. म्हणून जुने प्रोग्राम वाचून त्यांचं झाड मांडणारा पार्सर विनिताने लिहायला घेतला.

“शाळेत वाक्यपृथक्करण करतेस ना, तसंच,” तिने मुलीला, संचिताला सांगितलं होतं. “कुठली आज्ञा कुठल्या ‘जर’च्या पोटात, ते फांद्या पाडून दाखवायचं. त्या झाडावर टाकी चालणार. झाड चुकलं तर उकळतं पाणी कोणाच्या तरी अंगावर.”

चार महिने खपून पार्सर तयार झाला आणि पहिल्याच फाइलच्या पहिल्याच ओळीवर अडला. तिथे लिहिलं होतं, ‘श्री’. दुसऱ्या फाइलवर ‘जय मल्हार’. तिसरीवर कुणाची तरी गावदेवी. आपल्याकडे वहीचं पहिलं पान देवाचं. मग टाकीच्या प्रोग्रामनेच काय पाप केलं होतं? जुनं यंत्र न कळलेली ओळ मुकाट सोडून द्यायचं, म्हणून हे सगळे देव इतकी वर्षं खपून गेले होते.

“अगं, पहिली ओळ सरळ सोडून दे ना,” तिचा साहेब सुदेश म्हणाला. “देवच असणार.”

“सगळ्या फायली बघायला हव्यात, सर.”

“चारशे? सोमवारी डिलिव्हरी आहे, विनिता.”

तिने तीस उघडून पाहिल्या. तीसही फायलींवर देव होता. मग तिने नियम घातला: पहिली ओळ वाचायचीच नाही. चुकांच्या लाल खुणा गेल्या आणि चारशे झाडं हिरवीगार उभी राहिली. तिला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

शहाडच्या कारखान्यातल्या पंढरी ऑपरेटरची एकही फाइल मात्र त्या तिसांत नव्हती. विनिता नोकरीला लागली तेव्हा टाकी म्हणजे काय हे तिला याच माणसाने हात धरून शिकवलं होतं. “देव देव्हाऱ्यात, टाकीत कशाला?” असं म्हणणारा तो एकटाच. त्याची पहिली ओळ होती, ‘तळझडप बंद’. पार्सरने ती गिळली. चुकलेली फांदी निदान डोळ्यांत खुपते. मुळात नसलेली कुठून दिसणार?

मंगळवारी पंढरी नेहमीसारखा टाकीखाली, तळझडपेच्या तोंडाशी, जाळी पुसत होता. झडप आधी मिटते, मगच पाणी येतं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. वरून नव्वद अंशांचं पाणी सुटलं आणि उघड्या झडपेतून थेट त्याच्या पायांवर आलं.

विनिता कल्याणच्या इस्पितळात गेली, ती सगळं कबूल करायचं ठरवूनच. पंढरीचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पट्ट्यांत होते. ती काही बोलायच्या आत त्याची बायको हौसाबाई म्हणाली, “किती वर्ष सांगते यांना, देवाचं नाव टाका पहिलं. ऐकलं नाय.”

“नाही हो काकू. चूक माझी आहे. यांची पहिली ओळ माझ्या प्रोग्रामने वाचलीच नाही.”

“असू दे गो पोरी. मनाने चांगली हायस, म्हणून सोताच्या अंगावर घेतेस.”

तिने पुन्हा सांगितलं, कागदावर काढून दाखवलं. पंढरीने तो कागद नीट घडी करून परत दिला. “मॅडम, एक काम करा,” तो म्हणाला. “माझ्या सगळ्या प्रोग्रामांवर श्री टाका.”

ती पार्सर दुरुस्त करू म्हणत होती. सुदेशने हात झटकले. “चालत्या झाडांना हात लावू नकोस. पंढरीच्या फायलींवर श्री टाक, काम संपलं.” तिला संताप आला, आणि तिने श्री टाकला. पार्सरने तो गिळला आणि पुढची तळझडपेची ओळ वाचली.

पुढच्या आठवड्यात टाकी सुतासारखी सरळ चालली. शहाडला सगळ्यांची खात्री पटली. ज्या दिवशी पंढरीला कळलं की डावं पाऊल आता कायमचं अधू राहणार, त्या दिवशी त्याने स्वतः विनिताला फोन केला.

“मॅडम, बघितलंत ना? माझीच चूक होती.”

तिच्यात आता समजावण्याचं त्राण उरलं नव्हतं. “हो काका,” ती म्हणाली.