फोटोखालची ओळ

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकाचा संपादक मी आहे, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं. आणि यंदाच्या अंकात सतराव्या पानावर मी जी घोडचूक केली, ती छापून आल्यावरही दोन दिवस मला अतिशय देखणी वाटत होती. ऑक्टोबर उतरणीला लागला होता, जुईनगरच्या रस्त्यांवर संध्याकाळ झाली की सप्तपर्णीच्या फुलांचा तो जड, जरासा गुंगवणारा वास रेंगाळू लागे, आणि नव्या अंकाच्या शाईचा वास त्यात मिसळला की आपण कुणीतरी आहोत, असा भास मला होत असे.

सतरावं पान म्हणजे आजच्या तरुणाईविषयी चिंता वाहणारा माझा लेख, आणि त्यावर मीच मोबाइलवर टिपलेलं छायाचित्र. बेलापूरच्या कचेरीतून परतताना स्टेशनाखालच्या भुयारी मार्गात रोज सहा-सात मुलं-मुली दिसत. ढगळ पँटी, एवढ्या उकाड्यात डोक्याला लोकरीच्या टोप्या, बंद दुकानाच्या काचेत स्वतःलाच न्याहाळत नाचणारी. एके दिवशी ती सगळी माना खाली घालून जमिनीवर बसलेली दिसली. मागून दिव्याची फिकट तिरीप, चेहरे सावलीत. मी फोटो घेतला आणि खाली ओळ टाकली : 'काळोखाकडे झुकलेली पिढी'. ती सुचल्याच्या आनंदात मी स्वतःच्या हाताने चहा करून घेतला, यावरून काय ते समजावं.

आता वाटतं, ती ओळ मला सुचलेली नव्हतीच. आयुष्यभर चाळलेल्या मासिकांतून ती माझ्यात थेंबाथेंबाने साचत आली होती. मासिकांना तरुण माणसं दोनच तऱ्हांची ठाऊक असतात : जाहिरातीच्या पानावर शुभ्र दात दाखवणारी, आणि चिंतेच्या पानावर पाठमोरी. मी कॉलेजात असताना अशाच एका मासिकात कट्ट्यावर बसलेल्या, केस वाढवलेल्या, ओठांत सिगारेट धरलेल्या मुलांचं चित्र आलं होतं. केस माझेही मानेवर रुळत होते. तेवढ्या पुराव्यावर वडील पुढे कित्येक दिवस माझे शर्ट धुवायला पडण्याआधी हुंगून पाहत. धुराचा वास त्यांना कधी आला नाही, पण शर्ट हुंगताना मी त्यांना पाहिलं, आणि त्यानंतर आमच्यातलं काहीतरी कायमचं आखडून गेलं. हे सगळं सोसलेला मनुष्य मी, आणि हातात अंक येताच मीही तेच केलं!

तिसऱ्या दिवशी सकाळी सी विंगमधले जाधव खाली भेटले. रोज माझ्याबरोबर फिरायला येणारा, मोजकं बोलणारा गृहस्थ. हातातल्या अंकात सतराव्या पानाशी बोट घातलेलं होतं.

"साहेब, हे हिरवे बूट मीच घेऊन दिलेत."

फोटोत चेहरा नव्हता, पण बूट होते, आणि ते त्यांच्या मुलीचे, स्नेहलचे होते. सगळ्या सोसायटीने पाहिलं, आता तिचं तिकडे जाणं बंद, एवढं सांगून ते एकटेच फिरायला गेले.

संध्याकाळी स्नेहल आमच्या दारात उभी राहिली. आत बायको चकल्या तळत होती. भाजणीचा खमंग वास घरभर पसरला होता आणि मला मात्र कुठे तोंड लपवावं ते कळत नव्हतं. येत्या रविवारी वाशीला तिच्या गटाची नाचाची स्पर्धा होती.

"काका, आमी लादी पुसत होतो," ती म्हणाली. "रोज पुसतो. मग हात फिरवून बघतो. एक जरी खडा राहिला ना, डोकं लादीला टेकवून उलटं गरगर फिरताना वाट लागते."

"आणि त्या टोप्या?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"त्या नसल्या तर टक्कल पडेल, काका." तिची नजर माझ्या माथ्यावर गेली आणि सौजन्याने लगेच परत आली. स्वयंपाकघरातला झारा क्षणभर थांबल्याचं मला ऐकू आलं.

त्याच पावली मी जाधवांकडे गेलो. माफी मागितली, ती त्यांनी कुणी दिलेल्या पाण्याच्या पेल्यासारखी घेतली आणि बाजूला ठेवली. शेवटी मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण उद्या कचेरीतून येताना एकदा माझ्याबरोबर थांबा. स्नेहललाही येऊ द्या."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या भुयारी मार्गात खांबाशी उभे राहिलो. मुलांनी ओली फडकी फिरवली, मग सगळी माना खाली घालून बसली आणि तळव्यांनी लादी चाचपू लागली. थेट माझ्या फोटोतल्यासारखी. देवघर सारवल्यानंतर जमिनीवरून हात फिरवावा, तशी निगुती त्या हालचालींत होती. जाधव बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी खांद्याची बॅग माझ्या हातात दिली, पँटचे गुडघे जरा वर ओढून ते हिरव्या बुटांशेजारी उकिडवे बसले आणि लादीवरून तळवा फिरवू लागले. काही वेळाने बोटाच्या टोकावर काहीतरी उचलून त्यांनी उजेडात धरलं.

"हा बघ, राहिला होता."

स्नेहलने तो रेतीचा कण त्यांच्या बोटावरून फुंकून टाकला. "रविवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं, तेव्हा तिने उत्तर द्यायच्या आधी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

सोसायटीच्या फलकावर खुलासा लावायचं मी ठरवलं होतंच. म्हणून निघताना सगळ्यांना ट्यूबलाइटखाली ओळीने उभं केलं, टोप्या काढायला लावल्या, हसायला सांगितलं आणि नवा फोटो घेतला. चेहरे लख्ख, दात शुभ्र. घरी येऊन मोठ्या दिमाखात तो बायकोला दाखवला. तिने तेलकट हात पदराला पुसले, मोबाइल हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"छान आलाय," ती म्हणाली. "पण अहो, ही तुम्ही सांगितलंत म्हणून हसतायत. फोटो तो पहिलाच खरा होता. खालची ओळ तेवढी तुमची होती."