बियाण्याचं मखर

त्या लोंब्या बियाण्याच्या आहेत हे मला ठाऊक होतं.

घरात सगळे समजतात की मला ठाऊक नव्हतं. मीच तसं सांगितलं होतं, आणि ऐकणारी माणसं भली होती म्हणून ते खपून गेलं. चूक झाली त्याची लाज वाटते. पण ती इतक्या सहज खपली याची मला चीड येते, आणि ती चीड वर्षागणिक वाढतच गेली आहे.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी खोपोलीला एका कारखान्यात सुपरवायझर. आमच्याकडे औषधांच्या बाटल्या बनायच्या, म्हणून सगळं बंद असताना आम्ही चालू होतो. गाव आमचं कर्जत-खालापूर रस्ता सोडून आत, डोंगराच्या पायथ्याला. बायको मुलांना घेऊन नेरळला माहेरी गेली होती, ती तिकडेच अडकली. घरात थोरला भाऊ, वहिनी आणि मी; त्यांची मुलगी सासरी. एक दिवस माझ्या पाळीतला माणूस करोनाचा निघाला आणि साहेबांनी आम्हा सगळ्यांना दोन आठवडे घरी बसायला सांगितलं.

मी गावात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. वाटेवर करवंदीच्या काट्या टाकलेल्या. ज्यांच्या लग्नात मी पंगती वाढल्या, ती पोरं तोंडाला रुमाल बांधून लांबून म्हणाली, "दादा, हितं तिथं नका फिरू. सरळ माळ्यावर जा."

माळा म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या वरची खोली. कौलं हाताला लागतील इतकी खाली, एक छोटी खिडकी, आणि खालच्या चुलीचा धूर फळ्यांच्या फटीतून वर येणारा. अडगळ सगळी तिथेच. गणपतीचं सामान, तुटकी खुर्ची, जुनी पिंपं. मी चटई टाकली आणि बसलो. बसून करायचं काय, तर रागवायचं. काट्या टाकणाऱ्यांवर रागवायचं, साहेबांवर रागवायचं. वहिनी जिन्याच्या वरच्या पायरीवर ताट ठेवायची, पळीनं पायरीवर दोनदा वाजवायची आणि खाली उतरायची. मला वाटायचं, कुत्र्याला घालतात तसं घालते आहे. आज हे लिहायची लाज वाटते, कारण मला ताप आला तेव्हा त्याच पायरीवर तिनं तांबड्या भाताची पेज ठेवली होती. वर मीठ आणि लिंबाचं लोणचं. तो भात घरात कुणाला रोज मिळायचा नाही. बाळंतिणीला आणि आजाऱ्याला, एवढ्यापुरताच तो कांडून राखलेला.

तो भात वहिनीच्या माहेरचा. लग्नात येताना तिनं आईकडून पदरात बांधून बियाणं आणलं होतं. आमच्या शेताच्या वरच्या कोपऱ्यात एक तुकडा ती त्याच्यासाठी मागून घ्यायची. भाऊ दरवर्षी कुरकुरायचा, "त्या चार मुठींसाठी कशाला जागा अडवतेस गं?" बाकी सगळ्या शेतात दुकानातल्या पिशवीचं बियाणं. कापणीच्या आधी वहिनी त्या तुकड्यात एकटी शिरायची, भरलेल्या लोंब्या निवडून काढायची, त्यांच्या जुड्या बांधायची आणि माळ्यावर बांबूला टांगून ठेवायची. धुरानं कीड लागत नाही. हे सगळं मी लहानपणापासून नाही, पण तिच्या लग्नापासून बघत आलो होतो. म्हणून म्हणतो, मला ठाऊक होतं.

ताप उतरला आणि मग आला तो कंटाळा. अशात कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांनी एक टूम काढली. घरी बसलेल्यांनी खचून जायचं नाही, हातानं काहीतरी घडवायचं आणि फोटो टाकायचे. रोज कौतुक, शेवटी बक्षीस. 'क्रिएटिव्ह राहा' हे दोन शब्द त्या दिवसांत इतक्या वेळा वाचले की अजून कुणी उच्चारले तरी मी तिथून उठून जातो. कुणी बाटलीवर चित्र काढलं, कुणी दोऱ्यांचा मोर केला. अकाउंटमधल्या एकानं काड्यापेटीच्या काड्यांचं देऊळ केलं आणि ग्रुपवर नुसता पाऊस पडला शाबासकीचा.

मला ते सहन झालं नाही. गावात गणपतीची मखरं मी करायचो. आमच्या वाडीत माझं नाव होतं त्या कामात. माळ्यावर पुठ्ठा होता, गोंद होता, सोनेरी रंगाचा अर्धा डबा होता. आणि डोळ्यांसमोर बांबूला टांगलेल्या जुड्या. खिडकीतून ऊन आलं की तांबूस सोन्यासारख्या चमकायच्या.

पहिली जुडी सोडली तेव्हा मी थांबलो होतो. तेही सांगितलं पाहिजे. हातात धरून बराच वेळ बसलो. मनात आलं, पुष्कळ आहेत, एकीनं काय होणार? मग आलं, हा भात हवाय कुणाला आता? मग आलं, मला कुत्र्यासारखं जेवायला घालतात, मी काय त्यांच्या जुड्यांची राखण करू? असे विचार एकामागून एक हजर झाले. चोराला दार उघडून द्यायला घरातलीच माणसं पुढे यावीत तसे.

कमान झाली. ती सुंदर झाली, हे कबूल करायला मला आजही त्रास होतो. लोंब्या वळवून, एकावर एक बसवून, वर कळस केला. मग खांब हवे झाले. खांब झाल्यावर मागची प्रभावळ हवी झाली. प्रत्येक वेळी एक जुडी. गोंद पक्का बसावा म्हणून दाणान्‌दाणा भिजवला, वरून सोनेरी हात फिरवला.

एका दुपारी खालून वहिनीनं विचारलं, "भाऊजी, काय ठोकताय वर?"

"मखर करतोय."

"आता? गणपतीला अजून लई अवकाश हाय."

भाऊ पडवीतून ओरडला, "हा वर बसून देवाला घर बांधतोय, आन हितं राब भाजाया एक माणूस नाय. देवालाच बोलवतो आता पालापाचोळा गोळा कराया."

राब म्हणजे रोपांसाठी जमीन भाजून तयार करणं. पेरणीच्या आधीचं आमच्याकडचं मोठं काम. त्या वर्षी मजूर मिळत नव्हते, भाऊ आणि वहिनी दोघंच राबत होते. वहिनी हसली. मग म्हणाली, "भाऊजी, बांबूवरच्या जुड्यांवर जरा नजर ठेवा हां. औंदा उंदरं लई झालीत. तुमी हाय वर म्हणून मला घोर नाय."

मी म्हणालो, "नाय लागला उंदीर. बघतोय ना मी. निवांत राहा."

फोटो टाकला. साहेबांनी टाळ्यांची रांग पाठवली. 'आपल्या मातीतली कला' असं कुणीसं लिहिलं. मला पहिलं बक्षीस मिळालं, आणि मी माळ्यावर एकटा बसून मोबाइल उघडून परत परत ते वाचत होतो. माझ्या मागे बांबू मोकळा होता. त्या फोटोत मी तो येऊ दिला नव्हता. पाच-सहा वेळा कोन बदलून फोटो काढला होता, तो याच्यासाठी. ज्याला ठाऊक नसतं, तो कोन बदलत नाही.

मी खाली उतरलो त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनी बियाणं काढायला माळ्यावर चढली. मी पडवीत होतो. मग ती मखर दोन्ही हातांत धरून जिना उतरली, बाळ घेऊन उतरावं तशी जपून.

"भाऊजी," ती म्हणाली, "हे कशाचं केलंत?"

मला तेव्हा खरं बोलता आलं असतं. भाऊ शेतावर होता, पडवीत आम्ही दोघंच. मी म्हणालो, "त्या जुन्या लोंब्या होत्या ना टांगलेल्या, त्यांचं. का? दसऱ्याला दाराला बांधलेलं लोंब्यांचं तोरण असंल म्हटलं, जुनं झालेलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग मखराकडं. "ते बी होतं ओ," एवढंच म्हणाली.

"अरे देवा. मला काय ठाऊक?" मी म्हणालो.

भाऊ आल्यावर त्यानं मला शिव्या घातल्या, आणि वहिनीच मध्ये पडली. "त्यांना काय म्हाईत? जातात सकाळी, येतात राती. शेतात पाय कदी टाकतात? कळतं तर हात लावला असता का?" भाऊ म्हणाला, "भात खातो ना? मग भात कळाया काय झालं?" पण मग तोही हातपाय धुवायला गेला. मला अडाणी ठरवून दोघांनी माझी सुटका केली आणि मी खाली मान घालून ती घेतली.

पुढचे दिवस वहिनी दुपारी पडवीत बसून मखराचे दाणे नखानं सोडवायची. साल निघायची, दाणा फुटायचा. जे धड निघाले ते तिनं ओल्या फडक्यात बांधून चुलीच्या उबेला ठेवले. रोज फडकं उघडायची. कुबट वास यायचा. मोड एकालाही आला नाही. शेवटी ते तिनं कोंबड्यांना टाकायला नेले आणि दारातून परत आणले. रंग लागलेला होता, कोंबड्या मेल्या असत्या. परसात खड्डा करून पुरले. मी ते सगळं खुर्चीवर बसून पाहिलं. त्या वेळी मदतीला उठलो असतो तर निदान तिच्या कामाला माझा हात लागला असता. उठलो नाही. मी उठलो असतो तर बोललो असतो, अशी भीती होती.

तिच्या माहेरून परत आणायचं, तर तिथं कुणी उरलं नव्हतं. आई गेलेली. भावांनी शेत विकून टाकलेलं, आणि तिथं आता मुंबईच्या लोकांची शनिवार-रविवारची घरं आहेत, मधे निळा तलाव, पोहायचा. ज्या खाचरात तो भात पिकायचा तिथं हिरवळ लावली आहे. तिला पाणी घालायला गडी आहे. मी आणि वहिनी एकदा चौकशीला गेलो होतो, तेव्हा फाटकावरच्या माणसानं विचारलं, "बुकिंग आहे का?" वहिनी म्हणाली, "नाय रं बाबा, हितं माझं घर होतं," आणि मागे वळली. त्या फाटकावर मी रागानं थुंकलो. परतताना लक्षात आलं, या लोकांनी जमीन तरी विकत घेतली होती.

नंतर मी पुष्कळ हिंडलो. मोटारसायकल घेऊन डोंगरातल्या वाड्यांवर गेलो, कर्जतच्या बाजारात विचारलं, तांबडा भात जिथं मिळेल तिथून आणला. प्रत्येक वेळी वहिनीनं पेज करून पाहिली. एक घोट घ्यायची, दुसरा घ्यायची. "ग्वाड हाय," म्हणायची. "पर हा तो नाय. असू द्या भाऊजी, किती फिराल?" माझी ही पायपीट पाहून गावात मला चांगला दीर म्हणू लागले. त्या वेळी कुणी मला चार लोकांत थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. घरात मात्र दरवर्षी राब भाजायच्या वेळी भाऊ चिडवायचा, "बघ हां, बी चिकटवू नको कशाला," आणि वहिनी दर वेळी म्हणायची, "सोडा ओ. त्यांना काय म्हाईत होतं?"

त्या वाक्यानं मला खाल्लं आहे. ते दयेनं म्हटलेलं असायचं आणि मी दर वेळी ते गिळायचो.

यंदा पुतणी बाळंतपणाला आली. भावाची एकुलती एक. मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आणलं त्या सकाळी मी चहा घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. वहिनी चुलीशी पेज ढवळत होती, दुकानातल्या पांढऱ्या तांदळाची. पुतणी दाराशी बाळ घेऊन बसली होती.

"आई, तांबड्या भाताची नाय का गं? तू सांगायचीस ना, मी झाले तेव्हा आजीनं केलेली."

वहिनी पाठमोरी पेज ढवळत राहिली. "नाय गं बाय. ते बी गेलं आपलं." मग मी मागे कोपऱ्यात चहा घेत उभा आहे हे विसरून, हळू आवाजात म्हणाली, "काकाम्होरं काय बोलू नगस. त्यांच्या जिवाला लागतं. त्यांना कुठं म्हाईत होतं?"

मी कप खाली ठेवला. चहा सांडला.

"मला म्हाईत होतं, वहिनी," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, भांडायला आल्यासारखा. "बी हाय ते म्हाईत होतं. तुमी बांधताना मी बघितलं होतं. तुमी खालून म्हणालात, जुड्यांवर नजर ठेवा, आन मी बघतोय म्हणालो, तवा शेवटची जुडी माझ्या हातात होती. दसऱ्याचं तोरण वाटलं म्हणून सांगितलं ते खोटं होतं. इतकी वर्सं तुमी माझी बाजू घेतलीत, मी ती घेऊ दिली. माझं चुकलं. मला माफ करा."