कॉमन नेम

आमचा टीम लीड कुणावर कधी ओरडत नसे. अपमान करायचा असला की तो 'आपण' म्हणायचा. मी नागपूरकडची. येरवड्याच्या त्या ऑफिसात रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्याला म्हटलं, "सर, मी करून राहिले." तो शांतपणे म्हणाला, "राहिलात? कुठे राहिलात आपण?" सगळे हसले. त्या दिवसापासून मला तो आवडेनासा झाला आणि तेही मी कधी लपवलं नाही.

क्लायंटला दाखवायच्या वेबसाइटसाठी सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याची ब्राउझरला पटणारी ओळख, हवं होतं. बाहेरच्या संस्थेकडून ते विकत घ्यायचं ठरलं नव्हतं, म्हणून चाचणीपुरतं आपलं आपणच बनवायचं होतं. मी काळ्या स्क्रीनवर कमांड दिली. ती एकेक प्रश्न विचारू लागली, देश कोणता, राज्य कोणतं, शहर कोणतं. एवढ्यात तो मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "उठा. संध्याकाळ होईल असं."

तो भराभर टाइप करत गेला. 'कॉमन नेम' आलं. पुढे कंसात लिहिलं होतं, उदाहरणार्थ, तुमचं नाव. त्याने स्वतःचं नाव टाकलं, वडिलांच्या नावासकट. मी म्हटलं की तिथे सर्व्हरचं नाव लागतं, नाहीतर ब्राउझर तक्रार करतो.

"कंसात काय लिहिलंय? वाचता येतं ना आपल्याला?"

मी पुन्हा सांगितलं नाही. सांगायची इच्छाच उरली नव्हती.

डेमोच्या दिवशी क्लायंटचे साहेब आले. माउस माझ्या हातात होता. साइट उघडताच पडद्यावर इशारा आला. सर्टिफिकेट अनोळखी आहे आणि त्यावरचं नाव या साइटचं नाही. लीड लगेच इंग्रजीत म्हणाला की हे आमच्या या नवीन मुलीने केलंय, अजून शिकते आहे.

साहेबांनी सर्टिफिकेट उघडायला सांगितलं. मी उघडलं. कुणाला दिलं? त्याचं नाव. कुणी दिलं? पुन्हा त्याचंच नाव.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्या शेजारी बसलेत, ते," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. लीड पाणी प्यायला. मी तिथेच सर्व्हरचं नाव घालून नवं सर्टिफिकेट बनवलं. तेही घरचंच, त्यामुळे अनोळखी असल्याचा इशारा तरीही आला, पण नावाची तक्रार गेली आणि डेमो पार पडला.

बाहेर पॅसेजमध्ये त्याने मला गाठलं. "झालं समाधान?"

"हो," मी म्हणाले.

पुढच्या सोमवारी माझी जागा झेरॉक्स मशीनजवळ हलली. कोडिंग काढून घेतलं आणि युजर मॅन्युअल लिहायला दिलं. मी ते लिहिलं आणि जेवणाच्या सुट्टीत दुसरीकडे अर्ज करत राहिले. विश्रांतवाडीला जिच्यासोबत खोलीत राहत होते ती मैत्रीण म्हणायची, जरा गोड बोल, चार दिवसांत विसरेल. मला त्याने विसरायला नको होतं.

नवी नोकरी मिळाली तेव्हा मी ऑफिसभर पेढे वाटले. त्याच्या टेबलाशी थांबले नाही. त्याने मान वर केली होती, ते मला दिसलं होतं.