अर्धी चूक मिस्त्रींची

शेषराव मिस्त्री कोणाच्याही घरी गेले की चहाआधी न्हाणीघर बघतात. आमच्या भाचीच्या साखरपुड्यात पाहुणे खुर्च्यांवर ताटकळलेले आणि हे आत उकिडवे बसून बोटाच्या पेराने फरशी ठोकताहेत! "चार टाइल्स पोकळ आहेत बावा," असं सांगतच बाहेर आले. भाचीच्या बापाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

माणूस हिंगणीचा, पण रोज एसटीने वर्ध्याला कामाला. मागच्या उन्हाळ्यात माझी आई न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं. दवाखान्यात तिने मला एकच बजावलं, "मले कोनी आंघोळ घालाची नाई. दाराले कडी लावून माही मीच करीन." आता ही बाई शुक्रवारी वॉकर घेऊन घरी येणार! खरखरीत टाइल्स आणल्या आणि शेषरावांना म्हटलं, शुक्रवारच्या आत फरशी झाली पाहिजे. "होते ना! घाबरून काऊन राह्यले?" ते म्हणाले.

घाबरलो होतो म्हणूनच शहाणपणा सुचला. आमच्या वडिलांनी घर बांधलं तेव्हा वीट असो की फरशी, पाण्यात भिजवल्याशिवाय लावू दिली नव्हती. मीही मंगळवारी संध्याकाळी सगळ्या टाइल्स ड्रममध्ये बुडवल्या. सकाळी पुसून होत्या तशा रचून ठेवल्या. मिस्त्रींचं तेवढंच काम हलकं! त्यांना बोललो मात्र नाही. बुधवारी त्यांनी फरशी लावली.

गुरुवारी सांधे भरायला आले आणि सवयीप्रमाणे ठोकून पाहिलं. आवाज भद्द, पोकळ. थापी घालून एक टाइल उचलली तर ती ताटातल्या पापडासारखी अलगद वर आली. टाइल चिकटवायचा तो पोत्यातला मसाला, ज्याला मिस्त्री 'केमिकल' म्हणतात, तो सगळा खालीच राहिला होता. त्यांनी टाइलच्या पाठीवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, या पान्यात टाकल्या होत्या का?"

"हो तर! रात्रभर भिजवल्या," मी छाती फुगवून म्हणालो.

"बाप्पा! थे सिमेंटवर लावाची रीत व्हय. पाठ ओली असली का केमिकल टाइलले धरतच नाई."

माझी फुगलेली छाती तिथेच बसली.

मग त्यांनी दाराजवळची टाइल काढली. तिचीही पाठ कोरी. खाली राहिलेला मसाला वाकून निरखला. खरं तर त्यांनी सगळं माझ्यावर ढकललं असतं तर मला काय कळणार होतं? मी मान डोलावली असती. पण त्यांनी मला जवळ बसवलं. "या रेघा पाहा. दातेरी पत्र्यानं मसाला पसरवला का अशा रेघा उठतात, टाइल दाबली का बसतात. या उभ्याच राह्यल्या. काल मसाला पसरवला अन् पोरीचा फोन आला, बोलत राह्यलो. उन्हाळ्याचे दिवस, वरतून साय धरली. हे माही चूक." मग म्हणाले, "अन् तुमच्यातली बी अर्धी माहीच. टाइल्सले हात लावू नका म्हनून मी सांगतलं नाई." पंचवीस वर्षं कचेरीत काढली मी, पण दुसऱ्याची चूक ओढून घेणारा माणूस तोवर पाहिला नव्हता.

पण मी घायकुतीला आलो होतो. "शेषरावभाऊ, उद्या आई येतेय. फटींतून सिमेंटचं पाणी सोडा ना. वरून काही दिसणार नाही."

पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "दिसनार नाई, पन मायचा वॉकर टेकनार ना त्याच्यावर! पोकळ कोपऱ्यावर भार पडला का तुटलाच. मंग मी तिले काय सांगू?"

सगळी फरशी निघाली. टाइल्स खरवडून गच्चीवर वाळवल्या. वर्ध्याच्या उन्हाला त्यासाठी कोणाची आर्जवं करावी लागत नाहीत. शुक्रवारी सकाळपासून ते एका वेळी दोनच टाइल्सपुरता मसाला पसरवत होते. मध्येच एखादी लावलेली उचलून मागून बघत. "पाठ भरली पायजे भाऊ. तोंड काय, कोनाचं बी चमकते."

दुपारी आई आली. मी सबब शोधतोय तोवर मिस्त्री हात धुऊन तिच्या खाटेजवळ गेलेसुद्धा. "माय, चूक झाली. माही अन् तुमच्या पोराची. आज लावतो, उद्या सांधे भरतो, परवा पानी. तवरिक थांबा लागते."

आईने त्यांना निरखून पाहिलं. "पडनार त नाई ना मी?"

"टाइल हालनार नाई. तुमी घाई करू नका, बस."

"मंग थांबतो," आई म्हणाली. त्या काहिलीत दोन दिवस तिने ओल्या फडक्याने अंग पुसून काढले, हूं की चूं केलं नाही.

रविवारी मिस्त्रींचं काही काम नव्हतं, तरी ते हिंगणीहून आले. आई वॉकर टेकत आत गेली आणि कडी लागली. मी दाराला चिकटून उभा. "आई, भिंतीवरची दांडी धरली का?"

"शेषराव, याले आंगनात घेऊन जा! आंघोळ करू देत नाई मेला."

मिस्त्रींनी माझा दंड धरून मला अंगणात नेऊन बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. पाण्याचा आवाज थांबला, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी कडी निघाली आणि आई न्हाऊन, वॉकर टेकत बाहेर आली. मी वळून पाहिलं, तर शेषराव मिस्त्री खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसत होते.